तुळशीला पाय

"उतर खाली," आत्याबाई म्हणाल्या. "आधी त्या यंत्रावरनं खाली उतर."

मी पाय थांबवले नाहीत. कशी थांबवू? यंत्र पहिल्यांदाच न अडकता चाललं होतं. शेजारची शालन एका बाजूनं वाळलेल्या तुळशीच्या जुड्या आत सारत होती, ढोल खरखर फिरत होता, मागनं काड्या पडत होत्या आणि पुढं अंथरलेल्या चादरीवर नुसता पाला. हिरवागार, अख्खा पाला, पान न् पान शाबूत. आमच्या बायकांच्या गटातल्या सगळ्या जणी अंगणात जमलेल्या. कुणी पाला मुठीत घेऊन हुंगत होती, कुणी शिंकत होती, पण तोंडावर हसू सगळ्यांच्याच. आणि एवढ्यात ही हाक.

"वच्छे, मी काय म्हणते? कानात बोळं घातलीस का?"

"काय झालं, आत्या?"

"तुळशीला पाय लावतीस आणि वर मलाच इचारतीस, काय झालं?"

मी थांबले. ढोल दोन-चार फेरे तसाच फिरला आणि बंद पडला. 

आत्याबाई म्हणजे माझी सासू, चंद्रभागा. माझा नवरा तेव्हा कोइमतूरला गलाईच्या दुकानात सोनं-चांदी गाळायला होता; वर्षातनं एकदा यायचा, यात्रेला. घरात आम्ही दोघीच. आमच्या आटपाडीकडच्या माळाला पाणी म्हणाल तर देवाचं नाव, म्हणून आम्ही बायकांनी दहा-दहा गुंठे तुळस लावली होती, औषधाच्या कंपनीसाठी. तुळस कापायची, सावलीत वाळवायची आणि मग हातानं ओरबडायची. जुडी एका हातात धरायची आणि दुसऱ्या हाताची मूठ वरनं खाली ओढायची. वाळलेली काडी सुईसारखी टोचते. दिवसभर ओढलं की बोटांच्या पेरांना चिरा पडतात. सगळ्यांत वाईट हात आत्यांचे, कारण त्या सगळ्यांत जास्त ओढायच्या, तोंडानं देवाचं नाव घेत. भाकरी मोडायच्या तेव्हा भाकरीला रक्त लागायचं. लुगड्याला बोटं पुसायच्या आणि पुन्हा मोडायच्या. मला ते बघवायचं नाही.

म्हणून ते यंत्र. माझा भाऊ श्रीपती विट्याला लेथचं दुकान चालवतो. त्याच्या डोक्याला मी सहा महिने भुंगा लावला होता. पहिल्यांदा त्यानं मोटर बसवली, तर पाल्याचं पीठ झालं. आणि मोटर असली तरी आमच्या गावात लाईट यायची पाहुण्यासारखी. मग आम्ही जुन्या सायकलचं पेडल लावलं, चेन लावली, बसायला सीट लावली. ढोलावर टायरच्या रबराचे दात. पायानं फिरवलं की वेग आपल्या ताब्यात राहतो. जुडी अडकली तर पायाला आधी कळतं. दोन जणी बसल्या की आठ जणींचं काम.

आणि काम घाईचं होतं. कंपनीचा माणूस म्हणाला होता, सोमवारी टेंपो पाठवतो, पण टेंपोभर पाला एकदम पाहिजे, मूठ-मूठ नको. हातानं टेंपोभर पाला कधीच निघाला नसता. निम्मा निघेपर्यंत आधीचा ओल धरायचा. म्हणून आजवर जो काय निघेल तो आम्ही गावातल्या झांबरे अण्णांच्या काट्यावर नेऊन टाकत होतो, आणि अण्णा म्हणतील ते वजन, अण्णा म्हणतील तो भाव. यंत्र चाललं तर अण्णांची गरज संपत होती. हे जसं मला कळत होतं तसं अण्णांनाही कळत होतं.

आत्यांच्या मागं, फाटकाशी, अण्णा उभे होते. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का, दोन बोटं माळेच्या मण्यावर. दर एकादशीला देवळात भजन म्हणणारा माणूस. मग मला कळलं, ही काडी कुणी लावली ते.

"अण्णा, तुम्ही काय सांगितलंत आत्यांना?"

"मी? मी काय सांगणार, सूनबाई? मी सहज चाललो होतो. बघितलं आणि पोटात कालवलं, एवढंच. आमची आजी खाली पडलेलं तुळशीचं पान उचलून डोक्याला लावायची. आता पायानं मळत्यात. चालायचंच, काळ बदलला."

"पायानं कुठं मळतंय? पाय हितं पेडलावर हाय, तुळस तिकडं ढोलात! मधी चार हात चेन हाय!"

"पण फिरवतंय कोण?" आत्या म्हणाल्या. "पायच न्हवं?"

"आत्या, तुम्ही बैलगाडीनं देवाला जाता, तवा बैलाच्या पायानं जाता का तुमच्या?"

शालन फिसकन हसली. तिथंच माझं चुकलं. आत्यांना सगळं चालायचं, पण चार बायकांत हसू झालेलं चालायचं नाही. त्यांनी माझं मनगट धरलं आणि मला सीटवरनं खाली ओढलं. अंगणाच्या मध्ये आमचं दगडी वृंदावन आहे. तिथवर नेलं.

"नाक घास."

"आत्या..."

"नाक घास म्हणते. माझ्या घरात हे पाप नको. पोरगा माझा भट्टीपुढं बसतो, त्याला काय झालं म्हंजे?"

नवऱ्याचं नाव मध्ये आणलं की सुनेनं काय बोलायचं? मी वाकले. सगळ्या गटासमोर, ज्यांना मी महिनाभर सांगत होते की बघा, आपण करून दाखवू, त्यांच्यासमोर मी त्या दगडावर नाक घासलं. कातडं निघालं. वर बघितलं तर सगळ्या माना खाली घालून आपापल्या जुड्या गोळा करत होत्या, आणि अण्णा फाटकाबाहेर हात जोडून वृंदावनाला नमस्कार करत होते.

मला इतका राग आला होता की डोळ्यांत पाणीसुद्धा येईना.

त्यानंतर यंत्रावर गोणपाट पडलं. पेडलाच्या जागी हँडल लावून बघितलं. श्रीपती विट्याहून त्यासाठी मुद्दाम आला. दोन जणींचे खांदे गेले, ढोल गचके खायला लागला आणि पानांचा चुरा झाला. "आक्का, हे हाताचं काम न्हाय," तो म्हणाला, पेडल परत बसवलं आणि मान खाली घालून गेला. शालन संध्याकाळी फाटकाशी आली. "वच्छे, तुझं बरोबर हाय गं. पण आमच्या म्हातारीनं शपथ घातलीया." एकेकीनं तेच सांगितलं. सगळ्या परत ओट्यावर बसून जुड्या ओढायला लागल्या. आत्याही. मी आत्यांशी बोलणं टाकलं. त्यांच्या पुढ्यात ताट ठेवायची आणि तोंड फिरवायची.

त्यांना काही वाटत नव्हतं असं नाही. पण बाई कर्मठ. घरात पाला पसरलेला असला की त्या भिंतीला अंग घासत कडेकडेनं जायच्या. पाल्याची गाठोडी ओलांडायची नाहीत, तिकडं पाय करून निजायचं नाही. वाऱ्यानं एखादं पान अंगणात गेलं की कमरेत वाकून उचलायचं, डोक्याला लावायचं, परत राशीत. हे मी लग्न होऊन आले तेव्हापासनं बघत होते. त्यात खोटं एवढंसंही नव्हतं, म्हणून तर मला जास्त चीड यायची. ढोंगी माणसाशी भांडता येतं. हिच्याशी कसं भांडू?

शनिवारी त्या आपणहून बोलल्या. "निघालाय तेवढा पाला अण्णाकडं टाकून ये. सोमवारचं आता काय जमत न्हाय."

"जमलं असतं."

"टाकून ये म्हणते ना."

पाला त्यांनीच बांधून दिला, त्यांच्या जुन्या हिरव्या लुगड्यात. "लुगडं आठवणीनं परत आण," म्हणाल्या. "माझ्या आईचं हाय."

अण्णांच्या गोदामाला पुढं उंच पायरी आहे. बायकांनी त्या पायरीपर्यंतच यायचं, हा अण्णांचा नियम. काटा पायरीवर. गाठोडं काट्यावर ठेवायचं, हमालानं ते आत न्यायचं, रिकामं करून फडकं परत आणायचं. उंबरा ओलांडायचा नाही. का, तर अण्णा म्हणायचे, "आत तुळशीची रास असती. बायकांचं काय सांगावं, कोण कुठल्या दिवसात असती." आणि आम्ही मुकाट ऐकायचो. वर्षानुवर्षं ऐकलं. आमच्या शेतात, आमच्या हातांनी वाळवलेली तुळस, आणि आम्हीच तिला बाटवणार!

त्या दिवशी हमाल गाठोडं आत घेऊन गेला तो गेलाच. अण्णाही उठून आत गेले. मी पायरीशी उभी. ऊन डोक्यावर. हाक मारली, कुणी ओ देईना. दुसरं कुठलं फडकं असतं तर सोडून दिलं असतं, पण आत्यांच्या आईचं लुगडं. मी वळसा घालून गोदामाच्या मागच्या बाजूला गेले. मागचं दार उघडं होतं. मी दाराआडनं आत डोकावले.

आढ्याला दोरानं एक मोठं पोतं टांगलेलं. पोत्यात कमरेएवढा आत एक हमाल उभा. दोन्ही हातांनी दोर धरून तो पाला तुडवत होता. मी आधी समजले की पाय धुऊन बिऊन उतरला असेल. तेवढ्यात तो दुसऱ्याच्या खांद्याला धरून वर आला आणि जमिनीवर उतरला. पायात टायरच्या चपला. त्याच चपलांनी तो बाजूच्या दारानं बाहेर भिंतीकडेला लघवीला जाऊन आला आणि परत पोत्यात उतरला. दुसरा वरनं पाला ओतत होता. आमचा पाला. लुगडं कोपऱ्यात बोळा करून टाकलेलं.

आणि अण्णा खाटेवर बसून माळेचा मणी ओढत म्हणत होते, "दाब, आणि दाब. कोपरं मोकळी राह्यलीत बघ. पायात जोर न्हाय व्हय रं तुझ्या?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी जन्मात पहिल्यांदा तोंड बंद ठेवलं. आता मी ओरडले तर दार लागणार, आणि गावात सांगायला फक्त माझंच तोंड उरणार; आणि माझ्या तोंडाची गावात काय पत होती ते सगळ्यांना माहीत होतं. मी तशीच मागं फिरले आणि घराकडं पळाले.

आत्या ओट्यावर जुडी ओढत होत्या.

"आत्या, चला."

"कुठं? लुगडं कुठाय?"

"लुगडंच आणायला. चला म्हणते ना!"

"आगं, हात सोड! लोक बघत्यात!"

"बघू द्या."

मी त्यांचा हात सोडला नाही. वृंदावनापर्यंत त्यांनी मला ओढलं होतं, मी त्यांना गावातनं ओढत नेलं. शालन तिच्या ओट्यावरनं बघत होती, ती काय झालं काय झालं करत मागं आली. तिच्या मागं आणि दोघी. गोदामाच्या मागच्या दारात नेऊन मी आत्यांना उभं केलं आणि हात सोडला.

 

हमाल पोत्यातच होता. आम्हाला बघून थांबला. आत्या त्याच्या पायांकडं बघत राहिल्या. पोतं आता भरत आलं होतं; पाय दिसत नव्हते, गुडघ्यापर्यंत पाला होता.

"वर ये, लेकरा," त्या म्हणाल्या.

तो वर आला. चपलेच्या कडेला हिरवा चुरा चिकटलेला होता. आत्यांनी तो बघितला.

"चपला तरी काढायच्या हुत्यास रं."

अण्णा खाटेवरनं उठले. "मामी, तुम्ही? अवो, ही धंद्याची रीत हाय. पान हलकं असतंय, तुडवल्याशिवाय पोत्यात मावत न्हाय. सगळीकडं असंच करत्यात."

"कवापासनं?"

"कवापासनं म्हंजे? पैल्यापासनं."

 आत्या कुठल्या वर्षापासनचं मोजत होत्या ते मला दिसत होतं. भिंतीला अंग घासून चाललेली वर्षं. माझं मात्र तोंड सुटलं.

"माझा पाय पेडलावर हुता, अण्णा! पेडलावर! आणि तुम्ही फाटकात उभं राहून हात जोडत हुता! वरनं कीर्तन आणि आतनं तमाशा! लाज नाय वाटली? माझं नाक सोलून निघालं आणि तुम्ही हितं चपलेनं..."

"ए, आवाज खाली! मामी, हिला आवरा. लई शेफारलीया. आणि तुम्ही बायका आत कशा आला? राशीपाशी? कोण कुठल्या दिवसात..."

"माझे दिवस सरून जमाना झाला," आत्या म्हणाल्या. "आणि दिवसातली बाईसुदिक चपला काढून येती, अण्णा."

शालननं तोंडाला पदर लावला, पण या वेळी हसायला नाही.

आत्या कोपऱ्यात गेल्या. लुगडं उचललं, झटकलं नाही. त्याला चिकटलेली पानं एकेक करून तळहातावर घेतली, डोक्याला लावली आणि कनवटीला खोचली. लुगड्याची घडी केली. "आमचा पाला परत घ्यायचा का?" मी विचारलं. त्यांनी पोत्याकडं बघितलं. "तो आता देवाचाबी न्हाय आणि औषधाचाबी न्हाय," म्हणाल्या आणि बाहेर पडल्या.

 घरी आल्यावर त्यांनी यंत्रावरचं गोणपाट ओढून काढलं. न्हाणीत जाऊन पाय धुतले, टाचा दगडानं घासून घासून धुतले. हळद-कुंकू आणलं, ढोलाला लावलं, चेनीला लावलं, पेडलांना लावलं. मी ओट्यावर बसून बघत होते. उठले नाही. मनातला राग असा अर्ध्या वाटेवर उतरत नसतो.

त्यांनी कासोटा नीट खोचला आणि यंत्राच्या सीटवर चढल्या. पाय पेडलाला पोचेनात.

"ही सीट खाली घे."

"आत्या, त्या दिवशी तुम्ही म्हणाला, माझ्या घरात हे पाप नको."

"म्हणाले."

"मग?"

"मग पाप लागायचं असंल तर आधी मला लागू दे. मी म्हातारी हाय, माझं काय जायचंय? मला काय झालं न्हाय म्हंजे मग तुम्ही पोरी बसा."

मी पाना आणला आणि सीट खाली घेतली. रविवारी दुपारपर्यंत गटातल्या सगळ्या जणी परत आल्या, जुड्यांचे भारे घेऊन. आत्यांच्या पायाखाली यंत्र चालतंय म्हटल्यावर कुणाची म्हातारी काय बोलणार? टेंपो दुसऱ्या दिवशी आला आणि काठोकाठ भरून गेला, ते सगळं पुढचं. मी सांगणार आहे ते रविवारी संध्याकाळचं.

ऊन कलल्यावर अण्णा आले. एकटेच. फाटकातनं आत येऊन पाल्याच्या चादरीपाशी उभे राहिले. आवाजात लोणी.

"मामी, झालं गेलं गंगेला मिळालं. आपल्यात कशाला? गावात बोभाटा झालाय. तुम्ही दोन शब्द सांगितलं तर लोक ऐकतील."

आत्या पेडल मारत होत्या. थांबल्या नाहीत. "चपला," म्हणाल्या.

अण्णांनी खाली बघितलं. चपलेचा अंगठा चादरीला लागला होता. त्यांनी मागं सरून चपला काढल्या आणि हातात धरल्या.

"मला नगा इचारू. यंत्र वत्सलाचं हाय. तिला इचारा."

सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. माझ्या नाकावर अजून खपली होती. मी नुसतं वृंदावनाकडं बोट केलं.

अण्णांनी नाक घासलं की नाही, हे गावात आजही दोन्ही तऱ्हांनी सांगतात. मी तिथं होते, मी सांगते. नाही घासलं. तसली माणसं घासत नसतात. "बाईच्या सांगण्यावरनं?" एवढं म्हणाले आणि चपला हातात घेऊन अनवाणी चालते झाले. फाटकाबाहेर गेल्यावर घातल्या.

मला वाटलं, पळत जावं आणि मानगूट धरून आणावं. उठलेसुद्धा. तेवढ्यात यंत्राची खरखर बंद झाली. आत्या सीटवरनं उतरल्या होत्या. त्या वृंदावनापाशी गेल्या, गुडघ्यांवर बसल्या, आणि मी जिथं घासलं होतं त्याच दगडावर त्यांनी नाक टेकवलं आणि घासलं.

"आत्या! आवो, तुम्ही कशाला?" मी त्यांचे खांदे धरले. ताकदीनं धरले, पण म्हातारी उठेना.

"त्यानं न्हाय घासलं," त्या म्हणाल्या. "कुणीतरी घासाय पायजे का नको?"

उठल्या तेव्हा नाकाचा शेंडा लाल झाला होता. माझ्याकडं बघितलं नाही. पदरानं तोंड पुसलं, चादरीबाहेर पडलेली दोन पानं उचलली, डोक्याला लावली आणि राशीत टाकली.

"बघत काय राह्यलीस? बस आता तू. माझं गुडघं भरून आलं."

मी यंत्रावर चढले. सीट खाली घेतलेली होती, माझे गुडघे दांडीला आपटत होते. पाना जवळच पडला होता. मी सीट वर घेतली नाही, तशीच पेडल मारत राहिले. आत्यांनी पहिली जुडी आत सारली.